विश्लेषण : साखळीला बांधलेल्या कुत्र्याची तक्रार ‘एनसी’वरच का थांबते?

मे महिन्याची सुट्टी. समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला कुलूप लागले, कुटुंब गावाला गेले आणि पश्चिमेच्या गॅलरीत लॅब्रेडोर राहिला. सकाळी कामवाल्या मावशी यायच्या, भात-दूध टाकून जायच्या. पाण्याचे भांडे दुपारच्या आत लवंडलेले असायचे. साखळी अशी की कुत्र्याला फार तर दोन पावले सरकता यावे. दुपारी पत्रा तापला की तो भिंतीला चिकटून धापा टाकायचा आणि रात्री भुंकायचा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर चर्चा झाली ती त्या भुंकण्याची. पाण्याच्या भांड्याचा विषय एकदाही निघाला नाही. कुटुंब परतल्यावर त्यांना नोटीस गेली. तिचा विषय ‘रात्रीच्या वेळी होणारा आवाज’ असा होता.

गेल्या वर्षी देशभर कुत्र्यांवरून वाद झाला, पण तो रस्त्यावरच्या कुत्र्यांचा होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलण्याचा आदेश दिला, २२ ऑगस्टला तो बदलला आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांबाबत वेगळे निर्देश दिले. या सगळ्या गदारोळात घरात प्राणी पाळणारा माणूस मात्र चर्चेबाहेर राहिला. त्याच्यासाठी कायदा नाही, असे नाही. कायदा पासष्ट वर्षे जुना आहे. तो वापरायची वेळ आली की काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

कायद्यात नेमके काय आहे?

‘प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६०’च्या कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर त्या प्राण्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी आहे. कलम ११ मध्ये क्रूरतेचे प्रकार दिले आहेत. क्रूरता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काठी, दगड किंवा उकळते पाणी येते. हे कलम त्याच्या बरेच पुढे जाते. अवास्तव आखूड किंवा जड साखळीला प्राणी दीर्घकाळ बांधून ठेवणे ही क्रूरता आहे. सतत बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे, हीसुद्धा क्रूरता आहे. पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे, यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. वर सांगितलेल्या गॅलरीला यातले किमान तीन प्रकार लागू होतात.

आता शिक्षा पाहा. पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच प्रकार केल्यास २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आज ५० रुपयांत कुत्र्याच्या बिस्किटांचा बरा पुडाही येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने या कायद्यात दुरुस्ती करण्याचा मसुदा सूचना-हरकतींसाठी खुला केला होता. तो मसुदाच राहिला.

मग पोलीस गुन्हा का नोंदवत नाहीत?

दंडाची रक्कम सगळ्यांना ठाऊक असते आणि तिच्यावर सगळे हसतात. खरी गाठ मात्र कलम ३१ मध्ये आहे. त्यानुसार कलम ११ मधले मोजकेच प्रकार दखलपात्र आहेत. प्राण्याचे अवयव तोडणे किंवा निर्दयपणे ठार मारणे आणि प्राण्यांच्या झुंजी वा त्यांच्यावरची नेमबाजी, एवढेच ते. उपाशी ठेवणे, बांधून ठेवणे, टाकून देणे हे अदखलपात्र आहे. त्यामुळे ठाणे अंमलदार ‘एनसी घेतो’ म्हणतो तेव्हा तो दरवेळी टाळाटाळच करत असतो असे नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्याला तपास करता येत नाही. तक्रारदाराला मात्र वाटते की पावती मिळाली म्हणजे काम सुरू झाले. त्यात याच कायद्याच्या कलम ३६ नुसार गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही. एनसीचा कागद फायलीत ठेवून उन्हाळा गेला की मुदतही संपते.

याच्या शेजारी भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ ठेवून पाहावे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे कुत्रा चावेल अशी भीती असेल तर पोलीस लगेच येऊ शकतात. तोच कुत्रा महिनोन्‌महिने बांधून, कोंडून, चिडका केला जात असताना मात्र नाही. ज्या कुत्र्याला पिल्लूपणी माणसांची, इतर कुत्र्यांची सवय लागली नाही आणि ज्याचा दिवस साखळीवर जातो, तो भित्रा किंवा आक्रमक होण्याची शक्यता वाढते, हे कोणताही पशुवैद्यक सांगेल. चावा ही शेवटची पायरी असते. आधीच्या पायऱ्यांना आपल्या व्यवस्थेत कोणी वाली नाही.

सोसायटी काय करू शकते?

बंदी घालू शकत नाही. प्राणी पाळण्यास मनाई करणे, लिफ्ट वापरू न देणे असे ठराव करता येत नाहीत, हे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. प्राणी पाळणारे हा कागद चेअरमनला आवर्जून दाखवतात. त्याच सूचनांमध्ये प्राण्याचे आरोग्य, लसीकरण आणि त्याच्यामुळे इतरांना त्रास न होणे ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे. ते पान सहसा उलटले जात नाही. जिन्यातली घाण आणि गॅलरीतून खाली ठिबकणारे मूत्र यांवरून भांडणे होतात, ती रास्तच आहेत. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू प्राण्यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात, त्यामुळे हा केवळ किळस येण्याचा प्रश्न नाही.

टाकून दिलेल्या प्राण्याचे काय होते?

महामार्गालगत, टेकडीच्या पायथ्याशी किंवा एखाद्या प्राणीमित्र संस्थेच्या फाटकाला दोरीने बांधून जातिवंत कुत्री सोडली जातात. सोडणाऱ्याची समजूत असते की ‘चांगल्या जातीचा आहे, कोणीतरी नेईल’. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा आपला इलाका असतो. त्यात हा नवखा शिरला की पहिल्या रात्रीच फाडला जातो. त्याला कचऱ्यातून खाणे शोधता येत नाही. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला उष्णता सोसत नाही, कारण कुत्री अंग थंड करतात ती मुख्यतः धापा टाकून. दुहेरी केसांच्या आवरणाचा हस्की मुळात सायबेरियाच्या थंडीतला. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग घराघरांत पोहोचवला, पुढे समाजमाध्यमांनी हस्की आणला. हौस फिटते, कुत्रा मात्र दहा-बारा वर्षे जगतो.

निर्बीजीकरण न केलेली मादी सोडली तर साधारण ६३ दिवसांच्या गर्भकाळानंतर त्या गल्लीत पिल्ले दिसू लागतात आणि पुढच्या वर्षी तोच परिसर महापालिकेकडे भटक्या कुत्र्यांची तक्रार घेऊन जातो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. तपासणार कोण, हा प्रश्न उरतोच.

सगळेच मालक निर्दयी नसतात, हेही नोंदवायला हवे. आपल्या शहरांत एक वेगळी गोष्ट वारंवार दिसते. मुलाने हौसेने पिल्लू आणले, मग तो अमेरिकेला किंवा बेंगळूरूला गेला आणि तीस किलोंचा कुत्रा सत्तरीच्या आई-वडिलांकडे राहिला. वडिलांचे गुडघे दुखतात, कुत्रा ओढतो, म्हणून फिरणे बंद होते आणि गॅलरी सुरू होते. त्यांना कोर्टात उभे करून काय साधणार? त्यांना कुत्रा सन्मानाने दुसरीकडे देता येईल अशी जागा हवी. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आणि प्राण्यांसाठी रुग्णालय-निवारा असणे अपेक्षित आहे. मुंबईत परळला असे रुग्णालय १८८३ पासून उभे आहे. आपल्या जिल्ह्यातली समिती कुठे बसते, हे मात्र किती जणांना सांगता येईल?

परवान्याचा उपयोग काय?

मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत कुत्र्यासाठी परवाना लागतो. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांच्या नोंदणीचाही निर्णय घेतला, तेव्हा त्यावर विनोदच अधिक झाले. आजचा परवाना म्हणजे रेबीजच्या लशीचा दाखला जोडून भरलेले किरकोळ शुल्क. माझ्या मते सुधारणेची सर्वात स्वस्त जागा हीच आहे. परवान्याला मायक्रोचिप जोडली तर टाकून दिलेल्या कुत्र्याचा मालक सापडेल. निर्बीजीकरण केलेल्यास शुल्क माफ आणि न केलेल्यास अनेक पट, असे करता येईल. प्राणी दुसऱ्याला दिला तर मालकाचे नाव बदलून घेण्याची सक्ती करता येईल, जशी दुचाकीची असते. यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी संसदेची वाट पाहावी लागणार नाही.

तोवर शेजाऱ्याने काय करावे?

आधी बेल वाजवावी. ग्रुपवर लिहिण्याआधी एकदा बोलावे. फरक पडला नाही तर तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढावेत, पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या समितीकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि तीन महिन्यांची मुदत लक्षात ठेवून दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याविषयी वकिलाला विचारावे. दोष सिद्ध झाला आणि प्राणी मालकाकडेच राहिल्यास पुन्हा छळ होईल असे दिसले, तर कलम २९ खाली तो काढून घेण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पन्नास रुपयांच्या दंडापेक्षा हे कलम कितीतरी उपयोगी आहे. पाळीव कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले तर ‘घरचाच आहे’ म्हणून थांबू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ उरत नाही.

आणि शेजारी सुट्टीला निघालेच असतील तर किल्ली मागून घ्यावी, सोबत त्यांच्या पशुवैद्यकाचा फोन नंबरही.