ससून गोदी व्यापाऱ्याने बांधली, आपले गोदाम कोण बांधणार?

उंबरमाळीच्या रुळांवरून रोज लोकल धावते, पण या मार्गाने पूर्वी काय वाहून नेले हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. 1861 साली रेल्वे कसाऱ्याला पोहोचली, 1865 साली थळ घाट चढून इगतपुरीला गेली. पुढे खानदेश-वऱ्हाडची रुई याच वाटेने मुंबईत उतरू लागली. अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या रुईचे भाव आभाळाला भिडले होते.

माल भरपूर, पण बोटीत चढवायचा कसा? मोठी जहाजे खोल पाण्यात उभी राहत आणि गाठी मचव्यांतून न्याव्या लागत. वेळ जाई, माल भिजे, चोरीही होई. कुलाब्याची ससून गोदी 1875 साली याच अडचणीतून उभी राहिली. भरतीचे पाणी आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, म्हणजे ओहोटीतही जहाज धक्क्याच्या बरोबरीने तरंगते. काठाला दगडी भिंतींची, उंच छपरांची, रुंद दारांची गोदामे. गाठ धक्क्यावरून थेट जहाजात जाई. नक्षीकाम फारसे नाही. कामाची इमारत अशीच असावी, असे माझे मत आहे.

शाळेत आम्हाला वाटे, हे सारे इंग्रज सरकारने बांधले. नाही! 1832 साली बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून या यहुदी व्यापाऱ्याची ही पेढी. तिच्या वह्या अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत लिहिल्या जात. गोदी बांधली त्यांचे पुत्र अब्दुल्ला यांनी, जे पुढे सर अल्बर्ट झाले. सरकारने ती 1879 साली विकत घेतली; सरकारची स्वतःची प्रिन्सेस डॉक 1880 ची. 1920 च्या दशकात रुईचा बाजार शिवडीला गेला, तरी गोदी ओस पडली नाही. आज तिथे मासळी उतरते. 2017 साली तिथल्या एका गोदामात चित्रप्रदर्शनही भरले होते. दीडशे वर्षांच्या भिंती अजून कमावत आहेत.

आणि आपण? तीन पावसाळ्यांपूर्वी भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे चादरींचे तागे रात्रीत भिजले. मालक म्हणाला, पाऊस अल्लाहच्या हातात. पाऊस खरा, पण पन्हळ तर त्याच्याच हातात होती!

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून आमण्यापर्यंत खुला झाला. तो आपल्या शहापूर तालुक्यातूनच जातो. थळ घाटाची रेल्वे आली तेव्हा जसा माल आला, तसा आताही येणार. ससूनकडे गडगंज भांडवल होते, आपल्याकडे नाही, हे कबूल. पण दहा-बारा भाईबंदांनी मिळून सहकारी संस्था काढावी, उंच जोत्याचे, पक्क्या भिंतींचे एक गोदाम बांधावे, आणि मुरबाडच्या कारागिरालाही दोन गाठी ठेवण्यापुरती जागा द्यावी. जमिनीचा भाव आज आहे तो पुढच्या ईदला राहणार नाही.