दप्तराची किल्ली कुणाकडे?

मे महिना सरत आला आणि मृगाची चाहूल लागली, की यवतमाळ-अमरावती रस्त्यावरील नेरसारख्या तालुक्याच्या गावी कागदांना पाय फुटतात. पीककर्जासाठी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी सातबारा, आठ-अ, आधारपत्र आणि बँकेचे पासबुक घेऊन सेवा सहकारी संस्था, बँक, तहसील कचेरी आणि झेरॉक्सचे दुकान यांच्यात फेऱ्या मारू लागतो. पूर्वी या कागदांच्या नकला पिशवीतून जात. आता त्यांची छायाचित्रे मोबाईलवरून जातात. गटसचिव ती आपल्या स्वतःच्या व्हॉट्सअॅपवरून पुढे धाडतो, लिपिक ती आपल्या खासगी ई-मेलवर घेतो, आणि महिनाअखेरची यादी कुणाच्या तरी खिशातल्या पेनड्राईव्हवरून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचते. काम होते, लवकर होते आणि फुकट होते. त्यामुळे कुणाची तक्रार नसते.

परंतु काम लवकर होणे आणि कागद सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपले आधारपत्र आज कुणाकुणाच्या फोनमध्ये पडून आहे, असे एखाद्या शेतकऱ्याने विचारले, तर त्याचे उत्तर देऊ शकेल असा माणूस अशा संस्थेत सापडणे कठीण. सचिवाने फोन विकला, लिपिकाची बदली झाली, संगणक दुरुस्तीला गेला, की संस्थेचे कागदही त्यांच्याबरोबर गेले. यात कारकुनाला दोष देणे सोपे असले, तरी ते अन्यायाचे होईल. संस्थेने त्याला दुसरा मार्ग दिलेलाच नाही. स्वतःचा फोन वापरून तो संस्थेचे काम पार पाडीत आहे. दोष द्यावयाचाच तर तो, कोणतीही व्यवस्था न निवडता वर्षानुवर्षे काम चालू देणाऱ्या संचालक मंडळाला द्यावा लागेल.

नेटवर्कवरून फायलींची सुरक्षित देवाणघेवाण करणारी व्यवस्था कोणती निवडावी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा संगणकाच्या दुकानदारावर सोपविला जातो. तो दरपत्रक देतो आणि सर्वांत कमी दराचे दरपत्रक मंजूर होते. वास्तविक या प्रश्नाचा गाभा विश्वस्तपणाचा आहे. दुसऱ्याचे कागद सांभाळण्याची जबाबदारी ज्याने घेतली, त्याने ते कोणत्या कपाटात ठेवले, हे त्याला सांगता आले पाहिजे.

जुन्या दप्तराची शिस्त

या कामी फार दूर जाण्याचे कारण नाही. कागदी दप्तराच्या काळात प्रत्येक बऱ्या कचेरीत तीन गोष्टी होत्या. अभिलेखाच्या खोलीला कुलूप असे आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे हे ठाऊक असे. फाईल कुणी, कधी, कशासाठी नेली याची नोंद वहीत होई. आणि महत्त्वाच्या दस्ताची नक्कल दुसऱ्या कचेरीत असे. किल्ली, नोंद आणि नक्कल ही ती त्रिसूत्री. सुरक्षित संगणकीय व्यवस्थेकडूनही याहून फारसे वेगळे काही अपेक्षित नाही. तंत्रज्ञ ज्याला प्रवेशाधिकार म्हणतात ती किल्ली. ज्याला लॉग म्हणतात ती नोंदवही. आणि ज्याला बॅकअप म्हणतात ती नक्कल.

नक्कल नसली की काय होते हे महाराष्ट्राने २१ जून २०१२ रोजी पाहिले. मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली, माणसे दगावली आणि अनेक खात्यांच्या फायली जळून गेल्या. त्या आगीनंतर फायली संगणकावर आणण्याच्या कामाला गती मिळाली, हे चांगलेच झाले. मात्र कागद संगणकावर आला म्हणजे तो सुरक्षित झाला, असा समज त्याबरोबर रूढ झाला. संगणकावरील फायलीला आगीची भीती कमी, पण दुसऱ्या धोक्यांची अधिक. कारण ती चोरीस गेली तरी जागेवरच दिसते.

उघडे दार

फाईल एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठविण्याची जी नियमावली एफटीपी या नावाने जगभर रूढ झाली, तिचा पहिला आराखडा १९७१ साली अभय भूषण या भारतीय अभियंत्याने लिहिला. ते कानपूरच्या आयआयटीत शिकून अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत गेले होते. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. सारे एकमेकांच्या ओळखीचे. म्हणून त्या पद्धतीत पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत तारेवरून जाई. पुढे जाळ्यावर सारे जग आले, आणि १९९५ साली फिनलंडमधील एका विद्यापीठात पासवर्ड चोरले गेल्यावर तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच ही सांकेतिक लिपीत बोलणारी पद्धत तयार केली. ओळखीच्या माणसांसाठी केलेली व्यवस्था अनोळखी जगात धोक्याची ठरते, हा यातील बोध. नेरची सेवा संस्थाही आज व्हॉट्सअॅपवर तेच करीत आहे.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरील फायलींना कुलूप ठोकले. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत रुग्णांना परत पाठवावे लागले. हा प्रोग्रॅम शिरला तो विंडोजमधील फायलींच्या देवाणघेवाणीच्या जुन्या दारानेच. त्या दाराची फट बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याचा हल्ला झाला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनल ठप्प झाले. कंपनीच्या संगणकव्यवस्थेची मुख्य यादी ठेवणारे सर्व सर्व्हर पुसले गेले. वाचला तो घानामधला एक. कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती! विजेच्या लपंडावाला कंटाळलेल्या विदर्भातील वाचकाला ही हकीकत गमतीची वाटेल. पण तिचा अर्थ गंभीर आहे. जाळ्यापासून तुटलेली एक नक्कल होती म्हणून ती कंपनी पुन्हा उभी राहिली. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवरही खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि कचेऱ्यांचे काम अडले. तेव्हा हे संकट परदेशातील बड्या कंपन्यांपुरते आहे, असे समजण्याचे कारण उरलेले नाही.

बचत एकाची, जोखीम दुसऱ्याची

इतके सारे घडूनही लहान संस्था व्यवस्था का निवडीत नाहीत? त्याचे कारण अज्ञानात जितके आहे, त्याहून अधिक अर्थशास्त्रात आहे. सुरक्षिततेवर खर्च न केल्यास संस्थेच्या ताळेबंदात बचत दिसते. फायली फुटल्या किंवा अडकल्या तर होणारे नुकसान मात्र त्या ताळेबंदात कोठेच दिसत नाही. ते सभासदाच्या घरी दिसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात संस्थेच्या संगणकाला कुलूप पडले आणि कर्जाची प्रकरणे पंधरा दिवस खोळंबली, तर संचालकाचे काही बिघडत नाही. शेतकऱ्याला मात्र कपाशीच्या आणि सोयाबीनच्या बियाण्यासाठी सावकाराच्या दारात उभे राहावे लागते. पाऊस कुणासाठी थांबत नाही. निर्णय घेणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा असला, की स्वस्त आणि वाईट तेच निवडले जाते, हा अर्थशास्त्राचा जुना अनुभव आहे.

फाईल चोरीला जाणे हाच एक धोका आहे असेही नाही. एकाच यादीच्या चार प्रती चार संगणकांवर असल्या आणि त्यांपैकी खरी कोणती हे कुणालाच सांगता आले नाही, तरी नुकसान तेवढेच होते. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी बँकांकडून ६६ रकान्यांची माहिती मागविण्यात आली. नोंदींतील विसंगतींमुळे याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पात्र शेतकरी ताटकळत राहिले. हा अनुभव यवतमाळ जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही.

सुदैवाने कायद्याने आता या विषमतेची दखल घेतली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने दुसऱ्याची माहिती बाळगणाऱ्या संस्थेला जे नाव दिले आहे, त्याचा अर्थच मुळी विश्वस्त असा होतो. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत देण्यात आली आहे. संस्था लहान आहे म्हणून ही जबाबदारी आपोआप टळणार नाही.

निवडीच्या कसोट्या

व्यवस्था निवडताना कंपनीच्या नावापेक्षा काही साध्या कसोट्या लावणे हिताचे ठरेल. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःच्या नावाचा प्रवेश आणि त्यास पासवर्डखेरीज दुसरा पुरावा असावा. सर्वांचा मिळून एकच पासवर्ड आणि तो भिंतीवर चिकटविलेला, ही पद्धत बंद व्हावी. कोणी पाहावे, कोणी बदलावे आणि कोणी पुसावे हे टेबलानुसार ठरावे, आणि बदली किंवा निवृत्ती झाली की प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा. फाईल वाटेवर असताना आणि कपाटात असताना, दोन्ही वेळी सांकेतिक लिपीत असावी. फाईल उघडल्याची आणि बदलल्याची नोंद राहावी; सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये अशा नोंदी १८० दिवस जपण्यास आणि सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत देण्यास सांगितलेच आहे.

नक्कल तीन जागी असावी, आणि त्यांपैकी एक गावाबाहेर व एक जाळ्यापासून तोडलेली असावी. दोन संगणकांवरील फायली आपोआप सारख्या ठेवणारी सोय म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एकीकडे बिघडलेली फाईल ती दुसरीकडेही तत्परतेने बिघडविते. वर्षातून दोनदा नकलेवरून फाईल परत मिळविण्याची रंगीत तालीम व्हावी. शेवटची कसोटी सहसा कुणी लावीत नाही: उद्या ही व्यवस्था सोडावयाची झाल्यास आपले दप्तर आपल्याला सहीसलामत परत मिळेल काय?

‘सुरक्षित’ या पाटीवर विसंबून चालणार नाही. सुरक्षित देवाणघेवाणीसाठीच विकल्या जाणाऱ्या मूव्हइट या सॉफ्टवेअरमधील फटीतून २०२३ साली जगभरातील दोन हजारांहून अधिक संस्थांची माहिती फुटली. सांबा किंवा नेक्स्टक्लाउड यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरे परवान्याच्या शुल्कावाचून मिळतात आणि ती उत्तम आहेत. पण फुकट मिळालेल्या गायीलाही चारा घालावा लागतो. दुरुस्त्या वेळच्या वेळी बसविणारा जाणता माणूस नसेल, तर स्वतःचा सर्व्हर हा संस्थेच्या गळ्यातील धोंडा होईल. उलट, बाहेरची क्लाउड सेवा भाड्याने घेतल्यास ती काळजी कमी होते. परंतु दरवर्षीचे भाडे आणि इंटरनेट बंद पडल्यास होणारी अडचण मागे लागते.

सहकाराचा मार्ग

हा पेच एकेकट्या संस्थेला सुटणार नाही. कारण यातील मोठा खर्च यंत्राचा नसून जाणत्या माणसाचा आहे, आणि तो एका संस्थेसाठी लागतो जवळजवळ तेवढाच दहा संस्थांसाठी लागतो. जे एकट्याला परवडत नाही ते दहांनी मिळून करावे, याच तत्त्वावर महाराष्ट्रातील सहकार उभा राहिला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यातून हिशेबासाठी समान प्रणाली येते. पण कर्जप्रकरणे, ओळखपत्रे, ठराव आणि पत्रव्यवहार यांची व्हॉट्सअॅपवरील वर्दळ केवळ हिशेबाच्या प्रणालीने थांबत नाही. तेव्हा तालुक्यातील सेवा संस्था, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांनी एकत्र येऊन एक सामायिक व्यवस्था भाड्याने घ्यावी, तिच्यासाठी एक प्रशिक्षित माणूस नेमावा आणि चालू फायलींची एक प्रत तालुक्याच्या ठिकाणीच ठेवावी, म्हणजे इंटरनेट गेले तरी काम अडणार नाही.

सर्वांचे दप्तर एके ठिकाणी आले, तर चोराला एकच कुलूप फोडावे लागेल, अशी शंका यावर घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक संस्थेची सांकेतिक किल्ली स्वतंत्र हवी, आणि तोडलेली नक्कल ज्या त्या संस्थेच्या तिजोरीत हवी. इतके पथ्य पाळल्यास सामायिक व्यवस्था आजच्या अवस्थेपेक्षा पुष्कळच बरी ठरेल. कारण आज फोडण्यासाठी कुलूपच नाही.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होतात. तेथे लाभांशावर चर्चा होते आणि चहापाणी होऊन सभा संपते. यंदा एखाद्या सभासदाने उभे राहून तीन प्रश्न विचारावेत: आमच्या कागदांची किल्ली कुणाकडे आहे, ते कुणी पाहिले याची नोंद कोठे आहे, आणि ते नाहीसे झाले तर नक्कल कोठे आहे? संचालक मंडळाने त्यांची उत्तरे सभावृत्तांतात लिहून द्यावीत. ती लिहिता येत नाहीत असे आढळले, तर पुढचा मृग येण्यापूर्वी आठ महिने हाती राहतील. व्यवस्था उभी करण्यास तेवढा अवधी पुरे आहे.