म्हणे, गाण्यात राजकारण नको!

निवडणुकीत उमेदवाराचं गाणं रिक्षावरच्या भोंग्यातून निर्मळच्या गल्लीबोळांत घुसतं, तेव्हा 'संगीतात राजकारण नको' असं कुणी म्हणत नाही. पोरांनी गिटार घेऊन पाण्याच्या टँकरवर गाणं केलं, की मात्र सगळ्यांना शुद्ध कला आठवते.

१९७७ साली लंडनच्या 'द क्लॅश' या पंक बँडचा पहिला अल्बम आला. त्यात बेकारी होती, कंटाळा होता, आदल्या वर्षीची नॉटिंग हिलची दंगल होती. सगळं त्यांच्याच गल्लीतलं. (काढला मात्र सीबीएससारख्या बड्या कंपनीने, पंकही काही सोवळ्यातलं नाही.) आपण त्यातलं काय उचललं? फाटकी जीन्स! इथे फादर दिब्रिटोंचा 'हरित वसई'चा लढा झाला, बिल्डर आणि टँकरवाल्यांशी माणसं भिडली. त्यावर तीन कॉर्डचं एक गाणं कादोडीत होऊ दे की. शिव्याही तिच्यात झकास बसतात.