विश्लेषण : दिवाळी १८ दिवस पुढे सरकली, मग घरचे तिकीट केव्हाचे काढायचे? नागपुरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा पेच काय?

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. यंदा ते ८ नोव्हेंबरला, रविवारी आले आहे. मंगळवारी १० तारखेला पाडवा आणि बुधवारी ११ तारखेला भाऊबीज. कॅलेंडरवर ही अठरा दिवसांची सरकासरकी साधी दिसते. पण नागपुरात रूम करून किंवा वसतिगृहात राहून एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी परीक्षा दिवाळीआधी की नंतर, घरी किती दिवस राहायचे, मेस बंद झाल्यावर जेवायचे कुठे, हे सारे प्रश्न याच अठरा दिवसांत अडकले आहेत.

दिवाळी दरवर्षी का सरकते?

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. त्यामुळे सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात आणि साधारण तीन वर्षांनी अधिक महिना आला की पुन्हा मागे ढकलले जातात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. २०२४ मध्ये ते १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. यंदा अधिक ज्येष्ठ होता, म्हणून पुन्हा नोव्हेंबर. यात अनपेक्षित असे काहीच नाही. पुढच्या दहा वर्षांच्या दिवाळीच्या तारखा आजच सांगता येतात. तरीही परीक्षेचे वेळापत्रक दरवर्षी दिवाळीला जणू अचानक भेटते.

मग परीक्षा दिवाळीआधीच का उरकत नाहीत?

याचे उत्तर पहिल्या सत्रात दडले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ८८ श्रेयांकांचा, म्हणजे प्रत्येक सत्र २२ श्रेयांकांचे. एका श्रेयांकाला अध्यापनाचे किमान १५ तास धरले तर सत्राचे ३३० तास होतात. पंधरा आठवड्यांचे सत्र असेल तर आठवड्याला २२ तास. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा चार श्रेयांकांचा विषयही आहे. तो अनेकांना पूर्णपणे नवा असतो.

आता प्रवेशाचे गणित पाहा. पदवीच्या अंतिम सत्राचा निकाल लागल्याशिवाय पदव्युत्तर प्रवेश पक्का होत नाही. समजा, प्रवेशाच्या फेऱ्या आटोपून वर्ग १ सप्टेंबरला सुरळीत झाले. तिथून ५ नोव्हेंबरपर्यंत जेमतेम साडेनऊ आठवडे मिळतात; आठवड्याला २२ तासांनी सुमारे २०७ तास. त्यातून गणपती आणि दसऱ्याच्या सुट्ट्या अजून वजा करायच्या आहेत. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक अभ्यासक्रम शिकवायचा राहतो. अशा अवस्थेत पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीआधी घेणे म्हणजे विद्यार्थ्याला न शिकवलेल्यावर गुण मागणे.

तिसऱ्या सत्राची गोष्ट वेगळी आहे. तिथे नव्या प्रवेशाची भानगड नाही. १ जुलैला वर्ग सुरू झाले तर ५ नोव्हेंबरपर्यंत अठरा आठवडे मिळतात. परीक्षेचे दोन आठवडे काढूनही अध्यापन पूर्ण होते. त्यामुळे तिसरे सत्र दिवाळीआधी आणि पहिले सत्र नंतर, अशी विभागणी यंदासारख्या उशिराच्या दिवाळीत शक्य आहे. गेल्या वर्षीसारखी दिवाळी ऑक्टोबरात आली की मात्र हा पर्यायही आवळतो. दुसरी अडचण शिक्षकांची. शिकवणारे, प्रात्यक्षिके घेणारे आणि उत्तरपत्रिका तपासणारे बहुतेक तेच ते लोक असतात, आणि पदवीच्या हिवाळी परीक्षांचा भारही त्यांच्याच डोक्यावर असतो. शिवाय पहिल्या सत्राचे विषय राहून गेलेल्यांना दिवाळीच्या दोन्ही बाजूंना परीक्षा द्यावी लागेल. तरीही सगळ्यांची सुट्टी कुरतडण्यापेक्षा हे बरे.

तिकिटाचा प्रश्न नेमका काय?

रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. म्हणजे धनत्रयोदशीच्या, ६ नोव्हेंबरच्या गाडीचे आरक्षण ७ सप्टेंबरला, गणपती बसायच्या आठवडाभर आधी खुले होते. त्या दिवशी शेवटचा पेपर कधी आहे हे माहीत असलेला विद्यार्थीच ते तिकीट काढू शकतो. परीक्षेच्या तारखा त्यानंतर जाहीर झाल्या तर प्रतीक्षा यादी किंवा तत्काळ एवढेच हाती उरते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची आहे. त्यामुळे पडताळणी न केलेल्या खात्यावरून ऐनवेळी तत्काळ तिकीट काढायचा मार्गही उरला नाही.

गोंदिया किंवा वर्ध्याचा विद्यार्थी एकवेळ जनरल डब्यात उभ्याने जाईल. गडचिरोली शहराला मात्र रेल्वे नाही. अहेरी-सिरोंच्याकडचा विद्यार्थी एसटीवरच अवलंबून असतो. एसटीचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढले. गेल्या दिवाळीत आणखी १० टक्के हंगामी वाढ जाहीर झाली होती, ती लगेच मागे घेतली गेली. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा प्रवास खर्च तरी आवाक्यात राहतो. खासगी बसना एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेता येत नाही, असा शासन निर्णय २०१८ चा आहे. दिवाळीच्या आठवड्यात त्याची आठवण प्रवाशांनाच अधिक असते.

सुट्टीत शहरात राहिल्यास खर्च किती?

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम आणि इतर मागासवर्गीयांसाठी आधार योजना आहे. नागपूरसारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात : भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार, निर्वाहासाठी ८ हजार. भोजनाची रक्कम दहा महिन्यांत वाटली तर महिन्याला ३,२०० रुपये होतात. एवढ्यात मेसचा डबा कसाबसा बसतो, रोजचे हॉटेलचे जेवण बसत नाही. दिवाळीत मेस चालवणाऱ्या काकू आणि स्वयंपाकी गावी जातात, तेव्हा परीक्षेसाठी थांबलेल्यांची गाडी पोहे, मॅगी आणि वडापाववर येते. योजनेचा हप्ता दिवाळीआधी पडला तर बरे, नाहीतर उधारी. काही जण याच दिवसांत सीताबर्डी-इतवारीतल्या दुकानांत हंगामी काम धरतात. खर्च निघतो, पण वाचनाचे दिवस जातात.

घरी जाणे एवढे महत्त्वाचे का?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांत ग्रामीण भागातून आलेले अनेक जण आहेत आणि त्यांच्या घरी दिवाळी म्हणजे नुसता फराळ नसतो. वर्ध्याकडे सोयाबीन निघालेले असते, कापसाची पहिली वेचणी सुरू असते. भंडारा-गोंदियात हलका धान कापणीला आलेला असतो. मजूर मिळत नाहीत आणि घरातला शिकलेला पोरगा किंवा पोरगी चार दिवस शेतात लागते. धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी, सातबारा, बँकेचे काम हेही त्याच्यासाठी राखून ठेवलेले असते.

आणि झाडीपट्टीत खरी मजा भाऊबीजेनंतर सुरू होते. गावोगावी मंडई भरते, दिवसा दंडार, रात्री नाटक; वडसा या नाटकांचे केंद्र. लेकी-जावई, पाहुणे याच दिवसांत येतात. त्यामुळे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पेपर ठेवणारे वेळापत्रक कागदावर दिवाळी टाळते, पण पूर्व विदर्भाची दिवाळी बरोबर कापते.

उपाय विद्यापीठाच्या हातात आहे का?

बराचसा आहे. शैक्षणिक दिनदर्शिकेत सुट्टीच्या तारखा असतातच. त्यांच्यासोबत 'पदव्युत्तर परीक्षा अमुक तारखेआधी सुरू होणार नाही' एवढी एक ओळ ऑगस्टअखेर छापली, तरी ७ सप्टेंबरचे तिकीट काढता येते. विषयवार वेळापत्रक मग सवडीने यावे. दिवाळीत सगळी वसतिगृहे अर्धवट चालू ठेवण्यापेक्षा थांबणाऱ्यांना एकाच ठिकाणी आणून एक मेस आणि रात्रीची अभ्यासिका सुरू ठेवणेही फार खर्चाचे नाही.

परीक्षा अनिश्चित पुढे ढकलणे हा मात्र उपाय नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ निकालासाठी ३० दिवसांची, फार तर ४५ दिवसांची मुदत देतो. पेपर डिसेंबरअखेर संपले तर निकाल फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लांबू शकतो आणि दुसरे सत्र निकालाविनाच सुरू होते; त्या सत्रात चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प असतो, त्यासाठी संस्था गाठायला वेळ लागतो. डिसेंबर सत्राची नेट परीक्षाही याच सुमारास येते. त्यात नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असले की मोर्चे आणि बंद रस्ते आलेच. सिव्हिल लाइन्स ओलांडून परीक्षा केंद्रावर जाणाऱ्याला त्या आठवड्यात घरून तासभर लवकर निघावे लागते.