भरीव चाक आणि उलटे आटे

आमच्या एका वर्गणीदारांचे चिरंजीव शिक्षणासाठीं इंग्लंडांत आहेत व तेथील सायकलींच्या शर्यतींत उतरूं लागले आहेत. त्यांना मागील बाजूस आऱ्यांवांचूनचें, परातीसारखें भरीव चाक हवें आहे. दोन चाकें विकावयास आहेत. एक नवें, दुसरें जुनें परंतु एकतृतीयांश किंमतीचें. "दांत्यांचें चक्र दोहोंवरही बसतें असें दुकानदार म्हणतो, मग स्वस्त तें कां घेऊं नये?" असा वडिलांचा प्रश्न आहे. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना मूळ चाकच अनाठायीं खर्चाचें वाटतें, हेंही त्यांनीं मोकळेपणानें कळविलें आहे.

आधीं वडीलधाऱ्यांच्या शंकेचा विचार करूं. ही शर्यत घोळक्यानें धांवण्याची नव्हे. स्वार एकामागून एक, मिनिटामिनिटाच्या अंतरानें सुटतात आणि ठरलेला पल्ला ज्यानें त्यानें एकट्यानें गांठावयाचा असतो. दुसऱ्याच्या पाठीमागें राहून वारा चुकविण्यास मनाई आहे. इंग्लंडांत सार्वजनिक रस्त्यांवरील घोळक्याच्या शर्यतींना विरोध होऊं लागला, तेव्हां बिडलेक या गृहस्थांनीं १८९५ सालीं या पद्धतीची ५० मैलांची शर्यत भरविली. ती चाल तेथें अद्याप टिकून आहे. अशा शर्यतींत स्वाराचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे हवा. सपाट रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या माणसाची बहुतेक शक्ति हवा बाजूस सारण्यांतच खर्च होते. त्यांत आणखी गंमत अशी कीं, सायकल ताशीं ४० किलोमीटर चालली असतां चाकाचा माथा ताशीं ८० किलोमीटर वेगानें पुढें जात असतो. माथ्याकडे येणारा प्रत्येक आरा ताकांतल्या रवीप्रमाणें हवा घुसळतो. भरीव चाकानें ही घुसळण थांबते, आणि वारा कोनांतून आल्यास तें चाक कांहींसें शिडाचेंही काम करतें.

१९७२ सालीं मेक्सिको शहरांत एडी मर्क्स यांनीं आऱ्यांच्या चाकांवर एका तासांत ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलें. त्याच शहरांत जानेवारी १९८४ मध्यें फ्रान्सेस्को मोझर भरीव चाकांवर ५१.१५१ किलोमीटर गेले. सारें श्रेय चाकांचें नव्हे. सायकलीची घडण, पोषाख व तयारी यांचाही वांटा त्यांत होता. पण चाकें निव्वळ दिखाऊ नाहींत एवढें आमच्या मतें मान्य करावयास हरकत नसावी. पुढेंही भरीव चाक कां बसवीत नाहींत, असें कोणी विचारील. बंदिस्त धांवपट्टीवर बसवितात. उघड्या रस्त्यावर मात्र बाजूनें आलेला झोत पुढल्या चाकावर आदळला कीं हँडलच वळूं लागतें. मागलें चाक वळत नाहीं आणि त्यावर अंगाचा भारही अधिक असतो.

आतां वडिलांचा प्रश्न. चिरंजीवांची सायकल फिक्स्ड गिअरची, म्हणजे फ्रीव्हील नसलेली आहे. चाक फिरतें तोंवर पायडलें फिरणारच. पुढें ५४ व मागें १४ दांते असतील तर पायांच्या एका फेऱ्यास सायकल सुमारें ८.३ मीटर जाते, म्हणजे ताशीं ४० किलोमीटर वेगास मिनिटाला ८० फेरे पडतात. उतारावर पाय थांबवून विसांवा नाहीं. वेग आवरावयाचा तर स्वार पायांनीं उलटा जोर लावतो, आणि सारा धोका तेथेंच आहे. मागलें दांत्यांचें चक्र हबवर सरळ आट्यांनीं बसलेलें असतें. पुढें रेटतांना तें घट्ट होतें. उलटा जोर पडला कीं सुटूं पाहतें. म्हणून फिक्स्ड सायकलीच्या खऱ्या हबला बाहेरच्या अंगास दुसरे, किंचित् लहान व उलटे आटे असतात. त्यांवर एक कडें बसतें. चक्र सुटूं लागलें कीं तें या कड्यास आपल्याबरोबर फिरवूं पाहतें, आणि आटे उलटे असल्यामुळें कडें अधिकच आंवळलें जातें.

जुन्या रस्त्याच्या सायकलींसाठीं जीं भरीव चाकें निघालीं, त्यांपैकीं पुष्कळांच्या हबवर फ्रीव्हील फिरवून बसवावयाचे आटे आहेत. फ्रीव्हीलवर उलटा जोर कधींच येत नाहीं, म्हणून त्यांना कड्याची गरज नव्हती. हे आटे फिक्स्डच्या चक्राशीं जुळतात, म्हणजे दुकानदार खरेंच बोलत आहे. चक्र बसतें, तें धरून ठेवणारें मात्र कांहीं नसतें. कोणी वर सरळ आट्यांचेंच दुसरें कडें चढवितात, कोणी आट्यांना डिंकासारखें द्रव्य लावतात. सरळ आट्यांचें कडें चक्राबरोबरच सुटावयाचें, आणि डिंकावर जीव टांगण्याइतकी शर्यत मोठी नाहीं. इंग्लंडांतील नियमांनींही फिक्स्ड सायकलीस पुढील एकाच ब्रेकाची मुभा देतांना उलट्या आट्यांच्या घट्ट कड्याची अट घातली आहे. जुनें चाक घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नवें घेतांनाही थाळीच्या चकाकीपेक्षां हब आधीं पाहावा. फिक्स्डची चौकट मागें बहुधा १२० मिलिमीटर रुंद असते व रस्त्याच्या सायकलींचे हब त्याहून रुंद असतात. चौकट ताणून चाक बसवूं नये. मध्यें फुगीर असलेली थाळी चौकटीच्या दांड्यांस घासत नाहीं ना, तेंही फिरवून पाहावें.

पैशांची अडचणच असेल तर तिसरा मार्ग आहे. उलट्या आट्यांच्या हबचें साधें, मजबूत आऱ्यांचें चाक घ्यावें आणि त्यावर दोन्ही बाजूंनीं हलक्या झांकण्या बसवाव्या. हवेच्या दृष्टीनें हें चाक भरीव चाकाच्या फारच जवळ जातें, खर्च थोडा, आणि आरा ढिला झाल्यास झांकणी काढून कसतां येतो. उजवी झांकणी दांत्यांचें चक्र चढविण्यापूर्वींच बसवावी लागते, व व्हॉल्व्हपाशीं पंपाचें तोंड शिरेल एवढी जागा ठेवावी. चक्र व कडें पहिल्यानें कितीही आंवळलें तरी चढावर जोर पडल्यावर चक्र आणखी थोडें आंत बसतें आणि कडें सैल राहतें. म्हणून पहिल्या फेरीहून परततांच तें पुन्हां पान्यानें आंवळून घ्यावें.