भीक नको, पण कुत्रा आवर!

मित्रांनो, मे महिन्यात जळगाव-धुळ्याच्या पेपरात रोज 'उन्हात फिरू नका' असं छापून येतं. कोण वाचतं? पारा ४५ ला टेकला तरी आपण भर दुपारी टपरीवर हजर! तीच सूचना रोज दिसली की नजर तिच्यावरून घसरते. लिनक्सच्या लॉगचंही अगदी असंच झालंय.

कर्नलमध्ये सुरक्षेचे पहारेकरी असतात. फेडोरात एसई-लिनक्स, उबुंटूत अ‍ॅपआर्मर. एसई-लिनक्स अमेरिकेच्या एनएसएने २००० साली खुलं केलं, तर अ‍ॅपआर्मर २०१० मध्ये मूळ कर्नलमध्ये आलं. एखादा प्रोग्रॅम परवानगी नसलेल्या फाईलला हात लावायला गेला की हे त्याला अडवतात आणि लॉगमध्ये नोंद करतात. इथपर्यंत छान. पण प्रोग्रॅम हट्टी असला की पुन्हा पुन्हा तेच दार ठोठावतो आणि तीच ओळ शेकडो वेळा छापली जाते. कर्नलचा बफर ठरावीक मापाचा. नवं आलं की जुनं पुसलं जातं. हार्ड डिस्क खराब होतेय हे सांगणारी एखादी मोलाची ओळ या पुरात वाहून जाते.

मग आपली मंडळी काय करतात? 'सेटएनफोर्स ०'! त्याने अडवणं थांबतं, पण ओळी येतच राहतात. शेवटी कॉन्फिग फाईलमध्ये 'डिसेबल्ड' लिहून रीबूट. म्हणजे भुंकण्याचा त्रास होतो म्हणून कुत्राच हाकलला!

खरं तर उपाय आहेत. मागणी योग्य असेल तर पॉलिसी दुरुस्त करा. निरुपद्रवी असेल तर एसई-लिनक्समध्ये 'डोन्टऑडिट' नियम लावा. अडवणं चालू राहतं, फक्त नोंद होत नाही. शंका आली तर 'सेमॉड्यूल -डीबी' देऊन हे नियम तात्पुरते उठवता येतात. अ‍ॅपआर्मरमध्ये साधा 'डिनाय' नियमही गुपचूप अडवतो. शिवाय कर्नलची स्वतःची मर्यादा आहेच: ५ सेकंदांत १० संदेश, पुढचे गाळले, आणि किती गाळले तो आकडा.

काही जण म्हणतील, गाळलेल्या ओळींतच हल्लेखोर लपला तर? मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच माझं मत असं की पहिली ओळ पूर्ण छापावी आणि बाकीच्यांचा आकडा तरी ठेवावा. पण हजार सारख्या ओळींत तो जास्त सहज लपतो, हेही विसरू नका.

आपल्या प्रॅक्टिकलमध्ये इन्स्टॉलेशन शिकवतात, लॉग वाचायला नाही. सरांनी एक प्रॅक्टिकल यावर ठेवावं. आणि दोस्तांनो, तोपर्यंत निदान 'डिसेबल्ड' लिहिण्याआधी ती ओळ एकदा नीट वाचा!