माप कोणाचे धरायचे?

मोटारींच्या शर्यतीत तुम्हाला कसला रस, असे घरातली मंडळी मला विचारतात. शर्यतीत नसेलही; पण शर्यतीनंतर जी हिशेबाची भांडणे होतात, ती मी चवीने वाचतो. बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला ती फार ओळखीची वाटतात.

फॉर्म्युला वनमध्ये २०१४ ते २०२५ या काळात एक नियम होता. इंजिनात तासाला १०० किलोपेक्षा अधिक वेगाने इंधन जाता कामा नये. जास्त इंधन म्हणजे जास्त ताकद, म्हणून ही मर्यादा. आणि ती तपासायला गाडीत एक मापक. नियम आला त्या वर्षीच्या पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, डॅनियल रिकार्डो दुसरा आला आणि बाद ठरला. त्याच्या रेड बुल संघाचे म्हणणे, तुमचे मापक चुकते आहे, आमच्या आकडेमोडीप्रमाणे इंधन मर्यादेतच होते. अपील न्यायालयाने ते एप्रिलमध्ये फेटाळले. मला तो निकाल पटतो. कर्जदाराने स्वतःची वही पुढे केली तर ती जरूर पाहावी, पण व्याज बँकेच्या खातेवहीवरूनच लागायचे.

पुढचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही. २०१९ मध्ये फेरारीने बेल्जियम, इटली आणि सिंगापूर अशा ओळीने तीन शर्यती जिंकल्या. सरळ रस्त्यावर त्यांच्या गाड्यांचा वेग पाहून बाकीचे चक्रावले. मापक इंधनाची नोंद सलग घेत नाही, ठरावीक क्षणांनी घेते. मग दोन नोंदींच्या मधल्या फटीत जादा इंधन घुसवता येईल का? रेड बुलने कोणाचे नाव न घेता महासंघाला हे लेखी विचारले. चालणार नाही, असे उत्तर ऑस्टिनच्या शर्यतीच्या तोंडावर आले. त्या शर्यतीत फेरारीचा लेक्लेर्क चौथा आला, विजेत्याच्या सुमारे ५२ सेकंद मागे. (त्याच्या गाडीत त्या दिवशी जुने इंजिन होते, हेही सांगितले पाहिजे.) फेरारीने आरोप कायम नाकारले.

मग आली २८ फेब्रुवारी २०२०. बार्सिलोनातील सराव संपता संपता महासंघाने जाहीर केले, की फेरारीशी तडजोड झाली आहे आणि तिचा तपशील गुप्त राहील. फेरारीचे इंजिन न वापरणारे सातही संघ खवळले. त्यावर महासंघाचा खुलासा असा, की आमचे पूर्ण समाधान झाले नव्हते, पण नियमभंग निर्विवाद सिद्ध करता येत नव्हता.

तडजोडी बँकाही करतात. वसुली होत नसेल तर काही रक्कम सोडून खाते मिटवावे लागते. पण किती सोडले, का सोडले आणि कोणाच्या सहीने, हे कागदावर येते आणि हिशेबतपासनीस ते वाचतो. इथे बक्षिसाच्या रकमेत ज्यांचा वाटा होता, त्या सात संघांनाच कागद दाखवला गेला नाही. पुरावा नव्हता तर फेरारीला उघड निर्दोष म्हणायचे होते; होता तर शिक्षा द्यायची होती. झाले असे, की फेरारी दोषी ठरली नाही आणि संशयातून सुटलीही नाही. २०२० साठी गाड्यांत दुसरे मापक आले. त्या हंगामात फेरारी एकही शर्यत न जिंकता संघांच्या तक्त्यात सहावी आली. ज्याला जो अर्थ काढायचा होता, तो त्याने काढला.

२०२६ साठी नवे इंजिन आले, नियम बदलले आणि भांडणही नवे निघाले. सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबायचे, ते प्रमाण १८ वरून १६ वर आणले. मोजणी मात्र उभ्या गाडीत, थंड इंजिनवर. तापल्यावर धातू फुगतो. मग धावताना हे प्रमाण वाढेल अशी रचना केली तर? गोदामाची तपासणी दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला होते हे कळलेला व्यापारी त्या दिवशी माल भरून ठेवतो, तशातला हा प्रकार. रोख मुख्यतः मर्सिडीजवर होता. हंगामाआधीच महासंघाकडे विचारणा झाली आणि विचारणाऱ्यांत या वेळी फेरारीचे नाव होते.